चेन तुटते ती कडीच्या आतून: सोन्याची भरीव चेन निवडताना आणि वापरताना

गळ्यातली चेन तुटली की सगळा दोष शेवटच्या हिसक्याला जातो. टॉवेलात अडकली, बाळानं मुठीत धरून ओढली, स्वेटर काढताना गेली. पण तुटलेली कडी एकदा सराफाच्या भिंगाखाली धरून बघा. बाहेरच्या अंगाला तार होती तशीच गोल आणि जाड दिसते. आतल्या अंगाला, जिथे शेजारची कडी टेकते तिथे, खाच पडलेली असते आणि तार निम्म्याहून बारीक झालेली असते. हिसका केवळ निमित्त ठरतो. तिथलं सोनं कित्येक वर्षं कणाकणानं जात असतं.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं. आपण डिझाइन बघतो, चकाकी बघतो, वजन विचारतो. चेनचं आयुष्य मात्र ठरतं ते तार किती जाड आहे, कडीचा सांधा कसा झाळला आहे, म्हणजे धातू वितळवून कसा जोडला आहे, आणि कड्या एकमेकींवर किती घासतात यावर. घरी आणल्यावर सांभाळायचं तेही हेच घर्षण.

कॅरेटचा हिशेब

शुद्ध सोनं म्हणजे २४ कॅरेट. ते इतकं मऊ असतं की रोज घालायच्या चेनसाठी त्याचा उपयोग नाही. कड्या ताणल्या जातात, आकार बिघडतो. म्हणून त्यात तांबं आणि चांदी मिसळतात. २४ भागांपैकी २२ भाग सोनं असेल तर ते २२ कॅरेट, म्हणजे ९१.६ टक्के, आणि म्हणून त्यावर ९१६ हा आकडा. १८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्के, आकडा ७५०. १४ कॅरेटमध्ये ५८.५ टक्के, आकडा ५८५. १० ग्रॅमची चेन २२ कॅरेटची असेल तर तिच्यात साधारण ९.१६ ग्रॅम सोनं असतं, १८ कॅरेटची असेल तर साडेसात ग्रॅम. तांबं जास्त पडलं की रंग लालसर होतो, चांदी जास्त पडली की फिकट पिवळा.

आपल्याकडे लग्नाचं सोनं म्हटलं की २२ कॅरेटच, आणि त्यामागचं कारण योग्य आहे. दागिना हा अडीनडीचा पैसाही असतो. पण चेनच्या बाबतीत मी सरसकट २२ कॅरेट घ्या असं सांगणार नाही. चेन दहा ग्रॅमच्या पुढची, जाड तारेची असेल तर २२ कॅरेट उत्तम. पण चार-पाच ग्रॅमची नाजूक चेन, तिच्यात पेंडंट, आणि ती आंघोळीपासून झोपेपर्यंत गळ्यात राहणार असेल तर १८ कॅरेट जास्त टिकते, कारण मिश्रधातू कठीण असतो आणि कडीची आतली बाजू हळू झिजते. मोडताना भाव कमी मिळतो ही तक्रार इथे लागू नाही. सोनं कमी आहे, पण घेतानाही पैसे तेवढ्याच सोन्याचे मोजलेले असतात.

एक मात्र टाळावं. १८ कॅरेटची आणि २२ कॅरेटची चेन गळ्यात एकत्र घालू नये. दिवसभर दोन्ही एकमेकींवर घासतात आणि मऊ असलेली झिजते.

भरीव की पोकळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पोकळ चेन म्हणजे खोटी चेन असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पोकळ चेनमधलं सोनं अस्सल असतं, तिच्यावर हॉलमार्कही रीतसर असतो. ती बनवताना तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळतात, त्याच्या कड्या विणतात आणि शेवटी आतला धातू आम्लात विरघळवून टाकतात. हाती राहते ती सोन्याची नळी. दिसायला भरघोस, वजनाला हलकी.

समारंभापुरती घालायला अशी चेन घेतली तर हरकत नाही. रोज घालण्यासाठी मात्र ती घेऊ नये. भरीव कडी वीस वर्षांत निम्मी झिजली तरी निम्मी शिल्लक असते. पोकळ कडीची भिंतच पातळ असल्यानं तिला भोक पडायला फार वेळ लागत नाही. चेपली तर आतून आधार देता येत नाही, त्यामुळे पोचा निघत नाही. भोकातून आत शिरलेलं साबणाचं पाणी बाहेर येत नाही. आणि झाळायला गेलं तर पातळ पत्रा ज्योतीखाली वितळण्याची भीती, म्हणून बरेच कारागीर अशी दुरुस्ती हातात घ्यायला तयार नसतात.

ओळखायचं कसं? काट्यावर. दुकानदाराला त्याच लांबीची, त्याच जाडीची भरीव चेन शेजारी ठेवायला सांगा आणि दोन्हींचं वजन करा. पाच मिलिमीटर जाडीचा, वीस इंची गोफ आठ-दहा ग्रॅममध्ये बसत असेल तर तो आतून पोकळच आहे. शंका राहू नये म्हणून बिलावर ‘भरीव’ असा शब्द लिहून घ्यावा. चांगला सराफ त्याला नाही म्हणत नाही.

विणीचं म्हणाल तर साध्या विणी जास्त टिकतात आणि सहज दुरुस्त होतात. साधी अंडाकृती कड्यांची केबल, चपट्या वळणदार कड्यांची कर्ब आणि चौकोनी बॉक्स या तिन्हींपैकी काहीही घ्यावं. कर्बमध्ये कड्या चपट्या असल्यानं एकमेकींवर रुंद टेकतात, त्यामुळे झीज एकाच बिंदूवर होत नाही. गोफ मजबूत असतो, पण त्यातली एक कडी तुटून झाळली की तेवढा भाग ताठ होतो आणि वळताना दिसतो. सापासारखी गुळगुळीत स्नेक आणि सपाट पट्टीसारखी हेरिंगबोन दिसायला सुरेख असतात, पण एकदा घडी पडली की ती कायमची. रोज घालणाऱ्यांनी त्या नादाला लागू नये.

आता चेन हातात घ्या. पातळ सुती रुमालावरून किंवा पदरावरून ती दोन्ही दिशांनी हळू ओढा. कुठे धागा अडकला तर तिथला सांधा उघडा आहे किंवा कड नीट घासलेली नाही. यंत्रावर बनणाऱ्या चेनमध्ये शेकडो कड्या एकदम झाळतात. झाळणीची बारीक पूड सांध्यांत बसवून अख्खी चेन भट्टीतून काढतात. त्यात एखादी कडी कोरडी, म्हणजे न जोडलेली, राहू शकते, आणि ती डोळ्यांपेक्षा धाग्याला आधी सापडते. मग चेन टेबलावर सरळ पसरा. ती मध्येच पीळ घेत असेल किंवा एखादी कडी न वळता ताठ राहत असेल तर दुसरी मागा.

शेवटी दोन्ही टोकं. चेन हरवण्याचं सर्वांत नेहमीचं ठिकाण म्हणजे हुक ज्या कडीत अडकतो ती शेवटची कडी. पुष्कळदा ती झाळलेली नसते, नुसती चिमट्यानं दाबून बंद केलेली असते. भिंग मागून घ्या आणि तिथे फट दिसते का बघा. फट असेल तर तिथल्या तिथे झाळून मागा. पाच मिनिटांचं काम असतं. हुकांत जुना इंग्रजी एसच्या आकाराचा हुक अख्खा सोन्याचा असतो आणि सैल झाला तर सोनार दाबून देतो. स्प्रिंगवर मिटणारा लॉबस्टर हुक चुकून उघडत नाही, म्हणून रोजच्या वापराला मी तोच सुचवीन. पण त्याच्या आतली स्प्रिंग बहुधा दुसऱ्या धातूची असते आणि ओलीच राहिली तर खराब होते.

लांबीसाठी गळ्याभोवती दोरा धरून बघितलेलं बरं. १८ इंची चेन बहुतेक स्त्रियांच्या गळ्यापाशी, हाडाच्या जरा खाली बसते. पुरुष साधारण २० ते २४ इंची घेतात. पेंडंट घालायचं असेल तर त्याचं वजन चेनच्या निम्म्याच्या आत ठेवावं, आणि त्याची वरची कडी आतून गुळगुळीत आहे ना हे बोट फिरवून पाहावं. ती कडी दिवसभर चेनवर मागे-पुढे सरकते आणि धारदार असेल तर चेनच्या मधल्या दहा-बारा कड्या कापत राहते.

ठसा वाचता आला पाहिजे

भारतीय मानक ब्यूरो म्हणजे बीआयएसनं सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं, पण ते ऐच्छिक होतं. २३ जून २०२१पासून २५६ जिल्ह्यांत ते सक्तीचं झालं आणि पुढे टप्प्याटप्प्यानं वाढत गेलं. १ एप्रिल २०२३पासून सक्ती लागू असलेल्या ठिकाणी एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या सहा अक्षर-अंकी स्वतंत्र क्रमांकाशिवाय, दागिना विकता येत नाही. म्हणजे आज चेनवर तीन खुणा हव्यात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेट आणि शुद्धतेचा आकडा, उदाहरणार्थ २२के ९१६, आणि एचयूआयडी. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना यातून सूट आहे.

चेनवर हा ठसा हुकापाशी असलेल्या इवल्याशा पट्टीवर लेझरनं कोरलेला असतो. दुकानदाराकडून भिंग घेऊन तो स्वतः वाचा आणि दुकानातच उभं राहून मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. सराफाची नोंदणी, हॉलमार्क केंद्र, शुद्धता, तारीख आणि दागिन्याचा प्रकार एवढं सगळं समोर येतं. यातला प्रकार आवर्जून वाचा. हातात चेन आहे आणि ॲप अंगठी म्हणत असेल तर तो क्रमांक त्या चेनचा नाही.

घरात आधीपासून असलेल्या, जुन्या पद्धतीच्या हॉलमार्कच्या चेनला काही अडचण नाही. तो ठसा अजून ग्राह्य आहे. शंका असलेला दागिना कोणालाही मान्यताप्राप्त केंद्रावर तपासून घेता येतो; चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरली तर नियमाप्रमाणे विकलेल्या वजनावर जेवढी तूट येते तिच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळायला हवा. हा हक्क आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे याची मला खंत वाटते.

दुकानांत अजूनही ‘केडीएम’ हा शब्द कानावर पडतो. त्याचा शुद्धतेच्या ठशाशी संबंध नाही. झाळण्यासाठी कॅडमियम वापरत, त्यावरून ते नाव आलं. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असल्यानं ती पद्धत मागे पडली. ‘केडीएम आहे, हॉलमार्कची गरज नाही’ असं कोणी सांगितलं तर तिथून निघावं.

दगडावर कस लावणं ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि जाणता सराफ त्यावरून बरंच सांगू शकतो. क्ष-किरणांचं यंत्र मिनिटभरात आकडा देतं, पण ते वरचा थर वाचतं. खरा निवाडा होतो तो सोनं गाळून. या कामात आपल्या मराठी माणसांचं मोठं स्थान आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले गलाई कारागीर मूस आणि भट्टी घेऊन देशभरातल्या सराफ बाजारांत पोहोचले. दूरच्या एखाद्या गावात जुनी चेन गाळायला दिली आणि समोरचा माणूस मराठीत बोलू लागला तर आश्चर्य वाटायला नको.

बिलातले आकडे

हिशेबाला सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. १० ग्रॅमच्या चेनचं सोनं झालं १,००,००० रुपयांचं. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १२,०००. दोन्ही मिळून १,१२,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी ३,३६०. एकूण १,१५,३६० रुपये, आणि वर हॉलमार्कचं नगामागे ४५ रुपये शुल्क व त्यावरचा कर. उद्या ही चेन त्याच भावात मोडायला नेली तर घडणावळ आणि कर परत येत नाहीत. वर काही ठिकाणी मोडीचा बट्टाही कापतात. किती कापणार, हे घेतानाच विचारून लिहून घ्यावं.

घडणावळ टक्क्यांत लावली की सोन्याचा भाव वाढेल तशी ती वाढते, कारागिराचं काम मात्र तेवढंच असतं. साध्या, यंत्रावर बनलेल्या चेनसाठी ग्रॅममागे ठरावीक रुपये असा दर मागून पाहा. काही सराफ घडणावळ कमी सांगतात आणि ‘घट’, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, म्हणून आणखी काही टक्के लावतात. दोन्हींची बेरीज करूनच दुकानांची तुलना करावी. भाव २२ कॅरेटचाच लावला आहे ना, हेही बघावं. चेन २२ची आणि भाव २४चा असं होता कामा नये. बिलावर दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहिलेलं असायला हवं.

धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. भिंगानं कड्या तपासायची ती वेळ नव्हे. चेन आठ दिवस आधी शांतपणे निवडून ठेवावी आणि मुहूर्ताला घरी आणावी.

सांभाळायचं म्हणजे काय

सोनं गंजत नाही. काळवंडतो तो त्यातला तांब्या-चांदीचा भाग, आणि त्यावर घाम, तेल, साबण, पावडर आणि हळदी-कुंकवाचा थर बसतो. हा मळ कड्यांच्या आत साचतो आणि धुळीचे कण धरून ठेवतो, मग कडी हलली की तेच कण तिला घासतात. म्हणून चेन धुणं हे चकाकीपेक्षा टिकाऊपणासाठी जास्त गरजेचं आहे.

महिन्यातून एकदा पुरे. वाटीत कोमट पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब किंवा रिठ्याचं पाणी, आणि चेन पंधरा-वीस मिनिटं त्यात. मग लहान मुलाच्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं, कड्यांच्या आतून मळ सुटेपर्यंत. दुसऱ्या वाटीत स्वच्छ पाण्यानं धुवावं, बेसिनच्या नळाखाली कधीच नाही. सुती कपड्यानं टिपून रात्रभर उघड्यावर वाळू द्यावं, विशेषतः लॉबस्टर हुक असेल तर. टूथपेस्ट, खायचा सोडा, राख यांनी घासू नये. ते खरखरीत असतात आणि घासल्यावर येणारी चमक सोन्याचा थर देऊन येते.

जलतरण तलावात चेन काढून जावं. पाण्यातलं क्लोरीन मिश्रधातूवर काम करतं, आणि १४ कॅरेटसारख्या कमी कॅरेटच्या चेनला सांध्यापाशी चिरा पडू शकतात. केसांचा रंग, ब्लीच लावतानाही तेच. पाऱ्यापासून तर फारच जपावं. फुटलेल्या थर्मामीटरमधला थेंब सोन्याला लागला की ते पाहता पाहता पांढरं पडतं, कारण पारा सोन्यात मिसळतो. उजळपणाच्या काही क्रीममध्येही पारा सापडलेला आहे. असं झालं तर घरी चेन तापवू नये, वाफ विषारी असते. सोनाराकडे न्यावी आणि पारा लागल्याचं त्याला आधी सांगावं.

आता एक सवय, जी आपल्याकडे घरोघरी आहे. मंगळसूत्राला किंवा चेनला सेफ्टी पिनांचा झुबका लावून ठेवायचा. ऐनवेळी पिन हाताशी असते, हे खरं. पण पोलादाची पिन सोन्यापेक्षा कितीतरी कठीण असते. ती ज्या कडीत अडकवलेली असते ती कडी चालताना, वाकताना, पोळ्या लाटताना सतत घासली जाते. पिनांसाठी काळा दोरा किंवा बांगडी वापरा, पण सोन्याच्या कडीत पिन नको.

झोपताना चेन काढता आली तर सर्वांत चांगलं. काढल्यावर हुक लावून, एका चेनला एक अशी मऊ कापडी पिशवी किंवा सराफाचा तो गुलाबी कागद. दोन चेन एका डबीत टाकल्या की गुंता होतो, आणि गुंता सोडवताना ओढाताण होऊन कड्या लांबतात. गुंता झालाच तर चेन सपाट जागी ठेवून दोन सुयांनी गाठ आतून सैल करावी.

दारावर येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याला चेन देऊ नका. तो ज्या पाण्यात चेन बुडवतो त्यात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण असू शकतं, आणि सोनं विरघळवणारं आम्लराज तेच. चेन लखलखीत होऊन परत येते, तिचं काही सोनं त्याच्या भांड्यात राहतं. दुकानातलं यंत्रावरचं पॉलिशही थोडं सोनं काढतंच, म्हणून दर सणाला ते करून घेण्याची गरज नाही.

वर्षातून एकदा चेन मधोमध दुमडून खिडकीच्या उजेडात धरावी आणि कड्यांच्या आतल्या कडा भिंगानं बघाव्यात. हुकाजवळच्या आणि पेंडंटखालच्या आधी. सराफाकडे गेलात तर वजन करून जुन्या बिलाशी ताडून पाहावं. तार निम्मी झाली असेल तर तेवढ्या कड्या बदलून घ्याव्यात, हिसक्याची वाट पाहू नये.

दुरुस्तीला देताना आधी वजन, नंतर वजन, दोन्ही समोर. झाळणी सोन्याचीच असावी. इमिटेशनच्या दुकानात कथलाचा डाग देऊन घेतला तर पुढे खरा सोनारही ती जागा नीट जोडू शकत नाही, तापवल्यावर कथील सोन्यात उतरतं. जवळ लेझर असलेला कारागीर असेल तर तोच गाठावा, कारण ज्योतीनं आजूबाजूच्या कड्याही तापून मऊ पडतात. चेन आखूड करायची असेल तर हुकाजवळची एचयूआयडीची पट्टी तशीच ठेवायला सांगा, नाहीतर ठसा कापलेल्या तुकड्याबरोबर जाईल. आणि तो तुकडा मागून घ्या: वीस इंची, दहा ग्रॅमची चेन एक इंचानं कमी केली तर त्यात अर्धा ग्रॅम सोनं असतं.